घर आणि अंगण : रक्ताळलेलें मोरपीस

आपल्याकडील बहुतेक मुलांनीं शाळेच्या वयांत एक प्रयोग केलेला असतो. मोरपिसाचा तुकडा पुस्तकाच्या पानांत ठेवावयाचा, त्याला खाऊ म्हणून पेन्सिलीची भुकटी घालावयाची, आणि पिसाला पिल्लूं होण्याची वाट पाहावयाची. पिल्लूं अर्थातच होत नाहीं. आपल्या हातीं येतें तें पीस नखाच्या कापलेल्या तुकड्याइतकेंच निर्जीव असतें. परंतु ह्याच पिसाच्या आयुष्यांत कांहीं आठवडे असे येऊन गेलेले असतात कीं, ज्या वेळीं त्याच्या नळींतून ताजें रक्त वाहत होतें. त्या दिवसांत तें दुखावलें, तर एखादी शीर तुटावी तसें रक्त येतें, आणि पाहणाराचा धीर सुटतो.

ह्या महिन्यांत हा विषय घेण्यास निमित्त झालें तें अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एका भगिनींच्या पत्राचें. त्यांच्या घराभोंवतीं मोठें आवार आहे व त्यांत दोन मोर आणि तीन लांडोरी आहेत. गेल्या ऑक्टोबरांत एका सकाळीं थोरल्या मोराच्या पंखांतून रक्त ठिबकत असलेलें दिसलें. यजमान म्हणाले, पीस उपटून टाकावें. येथून गेलेल्या सासूबाई म्हणाल्या, हळद दाबावी. मुलांनीं रडून आकांत केला. घटकाभरानें रक्त आपोआप थांबलें. पण कोणाचें म्हणणें बरोबर, हा वाद मात्र अजून थांबलेला नाहीं, असें त्या लिहितात. वाद सासू, सून व मुलगा ह्यांच्यामधला असल्यामुळें त्यांत तिऱ्हाइतानें पडूं नये हें आम्हांस कळतें. तथापि येथें प्रश्न एका मुक्या जीवाचा आहे. म्हणून चार शब्द लिहिणें प्राप्त आहे.

प्रथम येथील वाचकांसाठीं एक खुलासा. अमेरिकेंत किंवा इंग्लंडांत स्थानिक नियम पाळून मोर बाळगतां येतो. कॅलिफोर्नियांतील आर्केडिया गांवीं तर 1880 च्या सुमारास बाल्डविन नांवाच्या जमीनदारानें हिंदुस्थानांतून मोर नेऊन सोडले, आणि त्यांचे वंशज आजहि तेथील रस्त्यांवरून ऐटीनें हिंडतात. आपल्याकडे मात्र तसें नाहीं. मोर हा 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत त्याची गणना आहे. तेव्हां शेतांत सांपडलेलें पिल्लूं मायेनें घरीं आणून वाढविणें, हाहि येथें गुन्हाच होय. पुढील मजकूर वाचून कोणास मोर पाळण्याची हौस उत्पन्न होऊं नये, एवढ्यासाठीं हें आधींच सांगितलें.

आतां पिसाकडे वळूं. कर्दळीचें किंवा केळीचें नवें पान जसें घट्ट सुरळी करून वर येतें, तसेंच नवें पीस त्वचेंतून वर येतें. त्याच्या भोंवतीं एक पातळ वेष्टन असतें, आणि आंत मऊ गर भरलेला असतो. ह्या गरांतून रक्तवाहिनी जाते व वाढत्या पिसाला अन्न पुरविते. अशा कोंवळ्या पिसाची नळी निळसर काळपट दिसते, हातास जड व ऊन लागते. वाढ पुरी होत आली कीं, रक्त शेंड्याकडून मुळाकडे हळूहळू मागें हटतें, गर वाळतो, आणि मागें पोकळ, पांढुरकी, कोरडी नळी राहते. घरांतील जुनें मोरपीस उजेडासमोर धरून त्याचा दांडा पाहिलात, तर नळीच्या आंत पातळ पापुद्र्यांच्या लहान लहान टोप्या एकींत एक बसलेल्या दिसतील. जीवनरस जसजसा ओसरत गेला, तसतशा त्या मागें राहिल्या आहेत.

पिसारा म्हणजे मोराची शेपटी, असा आपला समज असतो. तोहि थोडा दुरुस्त केला पाहिजे. मोराची खरी शेपटी वीस आंखूड, तपकिरी पिसांची असून ती पिसाऱ्याच्या मागें दडलेली असते. मोर नाचतांना मागून पाहिला, तर पिसाऱ्याला टेंकू देऊन उभी असलेली ही शेपटी दिसते. पिसारा होतो तो तिच्यावर उगवणाऱ्या आच्छादक पिसांचा. आणि अशीं पिसें दीडशेंहून अधिक, कित्येक तर चार-पांच फूट लांबीचीं असतात. मोर तिसऱ्या वर्षांत आला म्हणजे त्याला पुरा पिसारा येऊं लागतो. पुढें दरवर्षीं विणीचा हंगाम संपला कीं सारा पिसारा गळतो, व नवा उगवतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून, तर अमेरिकेंत व युरोपांत साधारणपणें जुलै-ऑगस्टपासून ही गळती सुरू होते. पुढचे कांहीं महिने मोराच्या अंगावर रक्तानें भरलेले कोंभच कोंभ असतात. पत्रांतील अपघात ऑक्टोबरांत घडला, तो केवळ योगायोगानें नव्हे.

आतां प्रत्यक्ष प्रसंग. रक्त दिसतांच घरांतील माणसांनीं प्रथम स्वतःला आवरावें. घाबरलेला मोर पंख आपटतो, आणि पंख आपटल्यानें रक्त अधिक वाहतें. मुलांस व कुत्र्यास दूर करून एकाच माणसानें सावकाश जवळ जावें. जुनी चादर मोराच्या अंगावर हलकेच टाकून डोळे झांकले म्हणजे तो बहुधा शांत होतो. धरतांना दोन्ही पाय व दोन्ही पंख एकदम काबूंत आणावे; मोराच्या पायांस आर असतात व त्यांची लाथ जबर बसते. पिसारा धरून त्याला कधींहि ओढूं नये. भयानें मोर मूठभर पिसें तुमच्या हातीं सोडून पळून जाईल. छातीवर दाब देऊं नये, हें तर विशेष लक्षांत ठेवावें. पक्ष्यांस आपल्यासारखा श्वासपटल नसतो. त्यांची छाती पुढें-मागें हलते तेव्हांच वारा आंत-बाहेर होतो. ती आवळून धरली तर पक्षी रक्तस्रावानें नव्हे, आपल्या मिठीनें मरतो.

त्यानंतर रक्त कोठून येतें हें पाहावें. थंड पाण्यांत भिजविलेल्या स्वच्छ फडक्यानें पिसें पुसलीं म्हणजे मूळ सांपडतें. रंग जाईल ही भीति नको. मोरपिसांतील निळा-हिरवा हा कालवलेला रंगच नव्हे. पिसाच्या अतिसूक्ष्म तंतूंतील कणांची जी नियमित रचना असते, तिच्यावर प्रकाश पडून तो भासतो. रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें 1665 सालीं आपल्या सूक्ष्मदर्शकाच्या ग्रंथांत हें टिपून ठेवलें आहे, कीं पीस भिजलें तर हे रंग लोपतात. वाळल्यावर ते पुन्हां जसेच्या तसे उमटतात. म्हणून डाग खुशाल धुवावा. मात्र चोळूं नये, नाहींतर पिसाच्या तंतूंचे एकमेकांत अडकलेले आंकडे मोडतात.

मूळ सांपडलें कीं स्वच्छ कापडाची घडी तुटलेल्या नळीच्या तोंडावर धरून चार-पांच मिनिटें सारखी दाबावी. मध्यें मध्यें उचलून पाहण्याचा मोह आवरावा. उचलल्यानें धरत आलेली गांठ सुटते. घडीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर घेतलें तर रक्त लवकर गोठतें. येथेंच सासूबाईंच्या हळदीचा विचार करूं. हळद दाबल्यानें मोराचें नुकसान झालें असतें असें नव्हे. कोणतीहि कोरडी, बारीक पूड रक्त शोषून घेते, तशी तीहि घेते. अडचण एवढीच कीं, तिचा रंग गडद. त्यामुळें रक्त खरोखर थांबलें कीं झिरपत आहे, हें समजत नाहीं. पांढऱ्या पिठावर लाल थेंब लगेच दिसतो. तेव्हां सासूबाईंचें दाबणें बरोबर, फक्त डबा बदलावयास हवा होता! तूप, तेल, मलम मात्र कांहींएक लावूं नये. त्यानें पिसें चिकटतात, आणि मोर चोंचीनें पिसें साफ करूं लागला कीं लावलेलें सारें त्याच्या पोटांत जातें.

रक्त किती गेलें म्हणजे भय मानावें? पक्ष्याच्या शरीरांत रक्त त्याच्या वजनाच्या सातपासून दहा टक्क्यांपर्यंत असतें. पांच किलोच्या मोराच्या अंगीं तें साडेतीनशें ते पांचशें मिलिलिटर झालें. निरोगी पक्षी वजनाच्या एक टक्क्याइतकें, म्हणजे अशा मोराच्या बाबतींत पन्नास मिलिलिटर रक्त गेलें तरी सहसा सांवरतो. पन्नास मिलिलिटर म्हणजे चहाचे दहा चमचे. फरशीवर सांडलेले दोन चमचे रक्तसुद्धां भयंकर दिसतें. म्हणून डोळ्यांवर विसंबूं नये, मापानें विचार करावा. पिंजऱ्यांतील तीस-पस्तीस ग्रॅमच्या चिमुकल्या बजरीगारास मात्र हेंच गणित लावलें, तर त्याच्या साऱ्या अंगांत मिळून अर्धा-पाऊण चमचा रक्त भरतें. तेथें दहा थेंबहि संकट होय.

दहा-पंधरा मिनिटें नीट दाबूनहि रक्त न थांबलें, पक्षी मलूल होऊन बसला, किंवा त्याचा श्वास जोरानें चालूं लागला, तर विलंब न करितां पशुवैद्य गांठावा. फिकटपणा पाहावयाचा तर तोंडाच्या आंत पाहावा. डोळ्याभोंवतालची कातडी मोराची मुळांतच पांढरी असते.

आतां यजमानांच्या उपटण्याविषयीं. पूर्वीं पक्षी पाळणारे हाच उपाय सरसकट सांगत, आणि त्यांत तथ्य नव्हतें असेंहि नाहीं. तुटकी नळी ही उघड्या तोटीसारखी असते. ती मुळासकट निघाली कीं त्वचेचें छिद्र मिटतें व रक्त थांबतें. परंतु पंखाचीं मोठीं पिसें केवळ कातडींत रुतलेलीं नसतात. त्यांचीं मुळें थेट हाडाला बांधलेलीं असतात. हाडाला आधार न देतां हिसका दिला तर पोकळ हाड मोडूं शकतें. पीस वेडेंवाकडें ओढलें तर त्याचा कोश फाटतो, आणि पुढें तेथें पीस येतच नाहीं, किंवा वांकडें येतें, किंवा त्वचेखालींच गुंडाळून त्याची गांठ होते. म्हणून आजचे पशुवैद्य सांगतात कीं, रक्त थांबलें असेल तर पीस जागच्या जागीं राहूं द्यावें. थांबतच नसेल तरच, आणि जाणत्या हातानेंच, हाड धरून, पीस ज्या दिशेनें वाढलें त्याच दिशेनें तें काढावें. रक्त आपोआप थांबलें असतां यजमानांनीं हात आवरला, हें उत्तम झालें.

रक्त थांबल्यावर मोराला एक दिवस निराळ्या, अर्धवट अंधाऱ्या, शांत जागेंत ठेवावें, पाणी जवळ असावें, आणि दोन-तीन वेळां येऊन दुरूनच पाहून जावें. इतर मोरांत लगेच सोडूं नये; लाल रंग दिसला कीं सोबतीचे पक्षी तेथेंच टोंचूं लागतात, व एका पिसाची जखम सबंध पंखाची होते.

परंतु रक्त थांबविणें ही अर्धीच विद्या झाली. पीस तुटलें कां, हें शोधून काढलें नाहीं तर तोच प्रकार पुन्हां घडतो. बहुतेक वेळां कारण रात्रीं घडतें. कुत्रें, मांजर, मोटारीचा झगझगीत दिवा, ह्यांपैकीं कशानेंहि दचकून मोर अंधारांत उसळतो आणि तारेच्या जाळीवर आदळतो. मोठ्या पक्ष्यास मोठी जागा हवी. जाळीचें छप्पर तारेचें नसून मऊ दोऱ्याचें असावें. बसावयाची काठी इतकी उंच व भिंतीपासून इतकी दूर असावी कीं, पिसारा जमिनीस किंवा भिंतीस न घासतां मोकळा लोंबेल. जेथें बर्फ पडतें तेथें काठीच्या जागीं चार इंच रुंद फळी बसवितात, म्हणजे मोर बोटांवर बसून तीं पोटाच्या उबेंत झांकून घेतो. एकाच आवारांत दोन प्रौढ मोर असतील तर त्यांच्या भांडणाचाहि विचार व्हावा. पत्रांतील भगिनींस हें विशेषेंकरून सांगावेंसें वाटतें.

दुसरें कारण अन्नाचें, आणि येथें आपल्या ब्राह्मणी घरांची खरी अडचण आहे. पीस हें जवळजवळ सर्वस्वीं प्रथिनाचें बनलेलें असतें, आणि त्या प्रथिनांत गंधक पुष्कळ. केंस किंवा पीस जळतांना जी उग्र घाण सुटते, ती ह्या गंधकाचीच. दीडशें लांबलचक पिसें दरवर्षीं नव्यानें घडवावयाचीं तर हा माल कोठून तरी आला पाहिजे. भाताचीं शितें, पोळीचे तुकडे व गहू-मका एवढ्यावर तो येत नाहीं. मोर सरस्वतीच्या पायाशीं बसतो खरा, परंतु त्याचा आहार सात्त्विक नाहीं! रानांत तो दाणे, कोंवळे कोंभ, फळें खातो, तसेच किडे, सरडे आणि लहान सापहि खातो. पाळलेल्या मोरास टर्की किंवा फेझंट पक्ष्यांसाठीं तयार मिळणारें खाद्य द्यावें, हें उत्तम. घरांत अंडें चालत असेल तर गळतीच्या दिवसांत उकडलेलें अंडें कुसकरून द्यावें. चालत नसेल, तर अंगणांतील किडे त्याचे त्याला वेंचूं द्यावे आणि आपण तिकडे पाहूं नये. स्वयंपाकघराचा आचार आपला. तो मोरावर लादण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

अन्न कमी पडलें हें पीस स्वतःच सांगतें. वाढीच्या काळांत उपासमार, आजार किंवा मोठें भय झालें, तर पिसावर आडवी, पातळ, विरळ रेघ उमटते, आणि पुढें तेथेंच तें मोडतें. पीस शेंड्याकडून बाहेर येत असल्यामुळें मोरपिसाचा डोळा आधीं घडतो आणि लांब दांडा मागाहून. म्हणून डोळ्यांतच वैगुण्य असेल तर गळतीच्या आरंभीं कांहीं कमी पडलें असें समजावें. दांड्यावर रेघ असेल तर नंतर. वर्षाचा जमाखर्च असा पिसावर लिहिलेला असतो.

तिसरें कारण उवांचें व गोचिडीसारख्या बारीक किड्यांचें. उवा पिसें कुरतडतात; पिसाच्या बुडाशीं त्यांच्या अंड्यांचे पांढुरके पुंजके दिसतात. तांबडा किडा त्याहून लबाड. तो दिवसां काठीच्या भेगांत दडतो व रात्रीं येऊन रक्त पितो. त्याला पाहावयाचें तर दिवा घेऊन रात्रींच गेलें पाहिजे. औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेंच वापरावें, आणि काठी व भेगा स्वच्छ करण्यास विसरूं नये. मोराला लोळावयास कोरडी माती व वाळू असावी. आपल्याला तो मळतोसा दिसतो. वस्तुतः तें त्याचें स्नान असतें.

आतां पुन्हां आपल्या देशांत येऊं. येथें मोर पाळावयाचा नसला तरी जखमी मोर भेटण्याचा प्रसंग गांवाकडील वाचकांस येतो. कुंपणाच्या तारेंत अडकलेला, कुत्र्यांनीं धरलेला, विजेच्या तारेस लागून पडलेला मोर दिसला, तर वर सांगितल्याप्रमाणें डोळे झांकून, छाती न दाबतां, रक्त थांबवावें. हवा खेळेल अशा खोक्यांत ठेवावें. तोंडांत पाणी ओतूं नये. आणि वनखात्यास ताबडतोब कळवावें. महाराष्ट्रांत त्यासाठीं 1926 हा दूरध्वनि क्रमांक आहे. पक्षी बरा होईपर्यंत आपल्याकडेच राहूं द्या, असा आग्रह मुलें धरतील. तो मोडून काढणें हेंच वडीलधाऱ्यांचें काम.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घरांत करतां येण्याजोगी आहे. गळून पडलेलीं मोरपिसें देशांत बाळगण्यास व विकण्यास कायद्यानें मोकळीक ठेवली आहे. पहांटे येणाऱ्या वासुदेवाची टोपी, देवघरांतील पिसांचा कुंचा, गोकुळाष्टमीचा मुकुट, हीं सारीं ह्या मोकळिकीवर उभीं आहेत. तिचाच आडोसा घेऊन मोर मारून त्यांचीं पिसें गळलेलीं म्हणून खपविण्याचे प्रकारहि घडतात. खऱ्याखोट्याची साक्ष पिसाच्या बुडाशींच असते. आयुष्य पुरें करून आपोआप गळलेल्या पिसाच्या दांड्याचें टोंक निमुळतें, कोरडें, स्वच्छ व अखंड असतें. ओरबाडून काढलेल्या पिसाच्या बुडाशीं रक्ताचा काळा डाग किंवा मांसाचा वाळलेला कण राहिलेला असतो. वन्यजीवांचे गुन्हे तपासणारे शास्त्रज्ञ हेंच पाहतात. फक्त त्यांच्यापाशीं सूक्ष्मदर्शक असतो. दांडा कापून काढलेल्या पिसाची पारख मात्र साध्या डोळ्यांस होत नाहीं. तसें पीस जत्रेंत हातीं आलें, तर तें न घेणेंच शहाणपणाचें.

आज सायंकाळीं देवघरांतील मोरपिसें खालीं काढून, मुलांस जवळ बसवून, एकेकाचें बूड उजेडांत पाहावें. पिल्लूं होण्याची वाट पाहणाऱ्या मुलांस पिसाची खरी गोष्ट सांगण्याची ती चांगली वेळ होय.